कँटनी खाऊ आणि पुण्याचा चंद्र

माझे वडील आयुष्यभर प्रवासाला निघाले ते खायला. ठिकाण बघणं हे निमित्त. एसटी कुठल्याही गावात थांबली की आम्ही खिडकीतून पाटी वाचायच्या आत ते खाली उतरलेले असत, आणि गाडी सुटता सुटता हातात कागदाची गरम पुडी घेऊन धावत येत. कुठल्या स्टँडवरचा वडा, कुठल्या घाटातली भजी, कुठल्या देवळाबाहेरचा पेढा हे त्यांना तोंडपाठ होतं. आई मात्र घरून डबा घ्यायची. ती बाहेरचं खात नसे. बाबा बाहेरचं खाऊन झाल्यावर तिच्या डब्यातलंही खात.

उपासांचंही तेच. आईचे उपास पुष्कळ होते. सोमवार, दोन्ही एकादश्या, संकष्टी. बाबांनी जन्मात एक उपास केला नाही, पण साबुदाण्याची खिचडी झाली की पहिली ताटली त्यांची. ती संपली की त्यांचा चमचा आईच्या ताटलीकडे वळायचा. मग ती ठरलेलं वाक्य म्हणायची, "उपास मी करायचा आणि खायचं तुम्ही." असं म्हणून ताटली त्यांच्याकडे सरकवायची. लहानपणी मला वाटायचं की उपासाच्या विधीतलाच हा एक भाग असावा.

आई गेली त्याला आता दीड वर्ष झालं. यंदा जानेवारीत मी बाबांना इकडे, ऑकलंडपासून दिवसभराच्या वाटेवरच्या पामर्स्टन नॉर्थला घेऊन आले. मी इथे गवतावर संशोधन करणाऱ्या एका संस्थेत काम करते. म्हणजे गाईगुरं काय खातात याची मला दिवसभर काळजी असते, आणि घरी आल्यावर वडील काय खात नाहीत याची. कारण बाबांनी आईचे सगळे उपास उचलले होते. सोमवार, एकादश्या, संकष्टी, एकही सोडला नव्हता. "तिचे नेम होते," ते म्हणाले, "मध्येच बंद कशाला पाडायचे?"

पण आई उपासाला व्यवस्थित खायची. बटाट्याचा कीस, रताळ्याच्या फोडी, दाण्याची आमटी, भगर. बाबा एक कप दूध घ्यायचे आणि एक केळं. मी खिचडी केली की "नको गं, दूध पुरे" म्हणून ताटली बाजूला ठेवायचे. का नको, ते मला कळत होतं. कळत होतं म्हणूनच जास्त राग यायचा. उपास नसेल त्या दिवशीही जेवण बेताचंच. पट्ट्याला त्यांनी खिळ्याने नवं भोक पाडलेलं मी पाहिलं, तेव्हा ऑफिसच्या पार्किंगमध्ये गाडीत बसून रडले आणि मग आत जाऊन मीटिंग घेतली.

उपासाला काय चालतं याची त्यांची कसोटीही सोपी होती. आईने खाल्लं असेल तर चालतं, नाहीतर नाही. एप्रिलमध्ये इथे फीजोआ पिकतात. शेजारीपाजारी पिशव्या भरभरून फाटकाला अडकवून जातात. हिरवं, अंड्याएवढं, वासाला पेरूसारखं फळ. मी चिरून पुढे ठेवलं तर म्हणाले, "तुझ्या आईने कधी हे खाल्लंय का?" आता सदाशिव पेठेत फीजोआ कुठून येणार? पण विषय तिथेच संपला.

आणि संकष्टीचा घोळ तर विचारूच नका. संकष्टी सुटते चंद्र उगवल्यावर. बाबांनी येताना पुण्याहून भिंतीवरचं कॅलेंडर आणलं होतं, त्यात चंद्रोदयाची वेळ छापलेली. ती वेळ पुण्याची. पुण्याचा चंद्र उगवतो तेव्हा आमच्याकडे दुसऱ्या दिवशीची पहाट झालेली असते. पहिल्या संकष्टीला रात्री मी मोदक केले, अंगणात चंद्र दाखवला, तर म्हणाले, "हा नाही. आपला अजून उगवायचाय." आणि उपाशी झोपले. पहाटे उठून अंधारात केळं खाल्लं. मी म्हटलं, "बाबा, चंद्र एकच आहे. तुम्ही इंजिनियर आहात." तर म्हणाले, "चंद्र एकच आहे, पण नेम पुण्यात धरलेला आहे." मोदक दुसऱ्या दिवशी माझ्या लेकाने खाल्ले. ते फ्रीजमधून काढून थंडच खाल्ले याचंही मला दुःख झालं.

तर अशा माणसाला खायला घालायचं कसं? मी विचार केला, यांना घरी काही जाणार नाही. यांना प्रवासात घालायला हवं. ऑकलंडला फ्लॅट बुशमध्ये माझी शिकत असतानापासूनची मैत्रीण राहते. ती भारतात गेली होती आणि झाडांना पाणी घालायला कोणीतरी हवंच होतं. तिच्या घराजवळ दर शनिवारी मोकळ्या पार्किंगमध्ये बाजार भरतो. तिथे हाँगकाँग आणि ग्वांगझू, म्हणजे जुन्या कँटनकडची मंडळी त्यांच्याकडचा रस्त्यावरचा खाऊ करतात. मी पूर्वी एकदा गेले होते. तवे, वाफा, गर्दी, कागदी वाट्या. बाबांना हवं ते सगळं. नवऱ्याला त्या शनिवारी ड्युटी होती आणि लेकाने "नॉट कीन" एवढ्या दोन शब्दांत विषय संपवला. मग शुक्रवारी मी सुट्टी टाकली आणि आम्ही दोघंच निघालो.

ताइहापेला मी चहासाठी गाडी थांबवली. बाबा उतरले नाहीत. "तू जाऊन ये," म्हणाले. मी काउंटरवर उभी राहून काचेतून त्यांच्याकडे बघत होते. सीटबेल्टसुद्धा काढला नव्हता. गाडी पूर्ण थांबायच्या आधी उडी मारणारा हा माणूस. मी त्यांच्यासाठी गरम वेजेस घेतले, म्हणजे बटाट्याच्या जाड फोडी, वर आंबट क्रीम. त्यातल्या त्यांनी दोन खाल्ल्या. पुढे डेझर्ट रोडवर रुआपेहूचं शिखर स्वच्छ दिसत होतं. त्यांनी मान डोलावली, "छान आहे" म्हणाले. जेवण कसं झालंय विचारल्यावर पाहुणे म्हणतात तसं.

टाउपोचं तळं दिसायला लागलं तेव्हा ते सहज म्हणाले, "उद्या संकष्टी आहे."

मी डोळे रस्त्यावर ठेवले. बोलले असते तर मोठ्याने बोलले असते. महिन्यातून एकदा येणारी संकष्टी, आणि मी नेमका तो शनिवार धरला होता. कॅलेंडर माझ्याच स्वयंपाकघरात लटकत होतं आणि मी त्याच्याकडे पाहिलंही नव्हतं. इतके मैल गाडी हाकायची, आणि तिथे जाऊन एक कप दूध.

"बाजार बघू ना," ते म्हणाले. "बघायला काय हरकत आहे?"

बाबा खाण्याच्या बाबतीत 'बघू' म्हणाले, हे मी त्या दिवशी प्रथम ऐकलं.

शनिवारी सकाळी मैत्रिणीची झाडं भिजवली आणि बाजारात गेलो. फ्लॅट बुशमध्ये सगळी घरं नवी, मोठी आणि एकसारखी. आदल्या संध्याकाळी मी चुकून दुसऱ्याच घराच्या दारात किल्ली घालून बघितली होती. बाजार मात्र एखाद्या नदीघाटावरचा वाटावा असा गजबजलेला. एकीकडे लोखंडी साच्यात पिवळे, फुगरे, बुडबुड्यांचे वॅफल भाजत होते. मी "अंडं आहे" म्हटल्यावर बाबा दोन पावलं मागे सरकले. एका तरुण मुलीने साखरेच्या पाकाचं कडं घेतलं, ते ओढलं, दुमडलं, पुन्हा ओढलं, आणि बघता बघता तिच्या हातात पांढऱ्या केसांचा झुबका तयार झाला. 'ड्रॅगनची दाढी' म्हणतात त्याला. त्यात दाण्याचा कूट भरून ती छोटी गुंडाळी करत होती.

"सुतरफेणी आहे ही," बाबा म्हणाले. त्यांचा आवाज थोडा वर गेला होता. "चिकटू नये म्हणून पीठ कसलं लावतीय, विचार."

मी विचारलं. तांदळाचं.

"राहिलं," बाबा म्हणाले. पण ते लगेच हलले नाहीत. तिने आणखी एक कडं ओढेपर्यंत उभे राहिले, हात पाठीमागे बांधून. मी मनात म्हटलं, चला, निदान बघतायत तरी.

ओळीच्या शेवटी एका बाईंचा स्टॉल होता. साठी ओलांडलेल्या, चष्मा कपाळावर, अंगात फुलाफुलांचा एप्रन. त्यांचे यजमान मागे पातेली ढवळत होते आणि शेवटपर्यंत एक अक्षर बोलले नाहीत. समोर काचेच्या झाकणांखाली गोडाचे प्रकार मांडलेले. बाईंनी बाबांना "हॅलो, अंकल" म्हटलं. वयाने बाबा त्यांच्यापेक्षा फार तर पाच-सात वर्षांनी मोठे असतील, त्यामुळे ते जरा गडबडले आणि "किया ओरा" म्हणाले. हा इथला माओरी नमस्कार त्यांना लेकाने शिकवला होता.

मी बाईंना इंग्रजीत सांगितलं की आज माझ्या वडिलांचा उपास आहे, तेव्हा तांदूळ, गहू, डाळी नसलेलं काही आहे का. त्यांना वाटलं ग्लुटेनचा त्रास आहे. मी म्हटलं नाही, धार्मिक. मग त्यांनी विचारलं, हलाल का? नाही. व्हीगन? तसंही नाही, दूध चालतं.

"सो नो राइस," त्या बोटांवर मोजत म्हणाल्या. "नो बीन्स. पीनट?"

"पीनट चालतात. हवे तेवढे."

"पोटॅटो?"

"बटाटा चालतो. रताळंही."

"कोकोनट?"

"चालतं."

"शुगर?"

"चालते."

बाईंनी चष्मा डोळ्यांवर घेतला आणि आम्हा दोघांकडे नीट पाहिलं. "अँड धिस इज फास्टिंग?" त्यांनी विचारलं. मला एकदम हसू आलं. इतकी वर्षं मी हे लोकांना समजावत आलेय, पण इतक्या सरळपणे कोणी विचारलं नव्हतं.

मग त्यांनी एकेक झाकण उघडायला सुरुवात केली. लाल घेवड्याची गोड पेज, ती बाद. सोयाबीनच्या दुधाचं मऊ दही आणि त्यावर आल्याचा पाक, ते कडधान्य म्हणून बाद. इथपर्यंत बाबा नकारार्थी मान हलवत होते. पुढचं झाकण निघालं तर आल्याच्या पाकात शिजवलेल्या रताळ्याच्या फोडी, गूळ घातलेल्या. त्याच्या शेजारी तपकिरी, पारदर्शक वड्या. "वॉटर चेस्टनट," बाई म्हणाल्या.

"म्हणजे शिंगाडा," बाबा मला म्हणाले. "शिंगाडा चालतो. तुझी आई शिंगाड्याचा शिरा करायची."

आता मी गवताच्या संस्थेत पोट भरते. मला चांगलं माहीत होतं की हा शिंगाडा नव्हे, लव्हाळ्याच्या जातीचा पाण्यातला कंद आहे, आणि दोघांचं गोत्र अजिबात जुळत नाही. इतर कोणत्याही दिवशी मी ते सांगितल्याशिवाय राहिले नसते. त्या दिवशी तोंड मिटून घेतलं. कंद तर कंद, उपासाला चालतोच.

शेवटच्या पातेल्यावरचं झाकण काढलं आणि बाबा काचेवर वाकले. नारळाच्या दुधात मोत्यासारखे दाणे, पारदर्शक झालेले, आणि मध्ये मध्ये जांभळट कंदाचे तुकडे. बाईंनी पळीने वर उचलून दाखवलं.

"अगं, हा साबुदाणा आहे," बाबा म्हणाले.

खरोखर साबुदाणाच होता. शेजारी रताळं, त्याच्या शेजारी (बाबांच्या हिशोबाने) शिंगाडा, मागे भाजलेल्या दाण्यांचा डबा, ओला नारळ, आलं. पुण्यात उपासाच्या दिवशी आईच्या ओट्यावर जे जे असायचं, ते सगळं इथे ऑकलंडच्या पार्किंगमध्ये एका कँटनी बाईंच्या स्टॉलवर ओळीने मांडलेलं होतं. मला त्या बाईंना मिठीच मारावीशी वाटली. मी घाईघाईने साबुदाण्याची एक वाटी आणि दोन वड्या घेतल्या, बाबांचा विचार बदलायच्या आत.

स्टॉलच्या बाजूला दोन प्लास्टिकच्या खुर्च्या होत्या. बाबांनी वाटी हातात घेतली. आधी वास घेतला, मग एक चमचा. गिळला, पण चेहऱ्यावर काही दिसेना. मग दुसरा चमचा. मग वाटी मांडीवर ठेवून ते समोर बघत बसले. मी म्हटलं, झालं, दोन चमच्यांवर आटोपणार.

मला उपास नव्हता. सकाळपासून मी नुसता चहा घेतला होता, आणि समोर वाटी तशीच. मी माझा चमचा घातला. साबुदाणा अगदी नेमका शिजला होता, नारळाचं दूध घट्ट, वर किंचित मीठ. तो जांभळा कंद कोनफळाच्या चवीचा. मी आणखी एक चमचा घेतला. मग आणखी एक, आणि तळाचा कंद शोधायला वाटी जराशी माझ्याकडे ओढली.

"उपास मी करायचा," बाबा म्हणाले, "आणि खायचं तू."

मी थांबले. चमचा तोंडाजवळच राहिला. त्यांनाही ते म्हणून झाल्यावर कळलं असावं, कारण तेही थांबले. आमच्या घरात ते वाक्य दीड वर्षात कोणी उच्चारलं नव्हतं. क्षणभर मला वाटलं की आता ते उठतील. पण बाबा हसायला लागले. आधी नुसते खांदे हलले, मग आवाज आला, मग डोळ्यांतून पाणी. मी रडत होते की हसत होते ते मला सांगता येणार नाही, दोन्हीही असेल. त्यांनी वाटी माझ्याकडे सरकवली. अगदी आईसारखी, दोन बोटांनी.

मग ते उठून स्वतः काउंटरपाशी गेले. "वन मोअर, प्लीज," ते बाईंना म्हणाले. "माय डॉटर इज ईटिंग हीप्स."

दुसरी वाटी त्यांनी एकट्याने संपवली. मग रताळ्याच्या फोडी, पाकासकट. वड्या खाताना "तुझ्या आईच्या शिऱ्यापेक्षा कमी गोड" असा शेरा मारला आणि तिसरी वडी मागितली. मी त्यांचा घास न् घास मोजल्यासारखी बघत होते. इतकं सुख मला बऱ्याच दिवसांत झालं नव्हतं.

गर्दी जरा ओसरल्यावर बाई हात पुसत आमच्याकडे आल्या. हा उपास कधीपर्यंत, असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, चंद्र उगवेपर्यंत. त्याचं त्यांना मुळीच नवल वाटलं नाही. त्यांची आई महिन्यातून दोनदा, चंद्राच्या तिथीप्रमाणे, मांसमच्छी वर्ज्य करायची. लग्न होऊन त्या इकडे आल्या त्याला आता पुष्कळ वर्षं झाली होती.

तेव्हा बाबांनी त्यांना प्रश्न विचारला. आल्यापासून त्यांनी अनोळखी माणसाला स्वतःहून विचारलेला तो पहिला प्रश्न असावा. इंग्रजी जुळवत ते म्हणाले, तुम्ही सण करता तेव्हा दिवस कुठला धरता? इथला की तिकडचा?

"न्यू इयरला?" बाई म्हणाल्या. "इथली रात्र झाली की आम्ही इथे जेवतो. मग मध्यरात्र उलटल्यावर तिकडे जेवणाची वेळ होते, तेव्हा फोन करतो. माझी बहीण तिकडे जेवत असते. मग आम्ही पुन्हा जेवतो."

"विच वन इज करेक्ट?"

"बोथ," बाई म्हणाल्या. "मोअर फूड."

मागे यजमानांनी पातेलं ढवळता ढवळता मान हलवली.

निघताना बाबांनी एका ट्रेकडे बोट दाखवलं. पांढरे गोल गोळे, बाहेरून ओल्या खोबऱ्याच्या किसात घोळवलेले. बाईंनी त्याला 'लो माय ची' म्हटलं. चिकट तांदळाच्या पिठाची उकड, आत दाण्याचा कूट, तीळ आणि साखर.

"उकड आणि खोबरं," बाबा म्हणाले. "मोदकच आहे. फक्त कपडे उलटे घातलेत."

"तांदूळ आहे त्यात, बाबा."

"मी आत्ता खातोय असं म्हटलं का?" त्यांनी पाकीट काढलं. "उपास सोडायला. नैवेद्याला काहीतरी हवंच ना."

मी विचारणार होते की कुठल्या चंद्राचा नैवेद्य, पण विचारलं नाही. बाईंनी सहा गोळ्यांचा डबा भरला, वर दोन वड्या तशाच टाकल्या आणि "स्वीट ॲज, अंकल" म्हणाल्या, म्हणजे इथल्या भाषेत 'झकास'. घरी पोचेपर्यंत डबा बाबांच्या मांडीवर होता, आणि त्यांनी झाकण एकदाही उघडलं नाही.

संध्याकाळी मैत्रिणीच्या स्वयंपाकघरात मी वरणभाताची तयारी केली. उन्हाळी वेळ संपून घड्याळं नुकतीच तासभर मागे गेली होती, त्यामुळे अंधार लवकर पडला. मैत्रिणीचा गणपती राइस कुकरच्या वरच्या फळीवर बसतो. बाबांनी स्नान केलं, फळी पुसली, निरांजन शोधलं. अथर्वशीर्ष त्यांना येत नव्हतं. इतकी वर्षं बाजूच्या खोलीतून ऐकलेलं होतं, तेवढ्यावर ते म्हणत होते. अडलं की गुणगुणत पुढे जात होते आणि जिथे आठवेल तिथे पुन्हा पकडत होते. मी कुकरची शिट्टी होऊ नये म्हणून गॅस बारीक केला.

आठच्या सुमाराला ते जॅकेट घालून बाहेर गेले. "पूर्व कुठली?" त्यांनी ड्राइव्हवेमधून विचारलं. मी फोनवर बघून हात दाखवला. समोर एकसारखी छपरं, त्यांच्यामागे आणखी छपरं. आम्ही दोघं तिथे उभे होतो, मी जँडल्समध्ये, म्हणजे रबरी चपलांत, आणि पाय गारठलेले. आत भात निवत होता. मला वाटत होतं की आता ते म्हणतील, "चल आत, आपला अजून उगवायचाय." त्यावर मी या वेळी काही म्हणणार नव्हते, असं मी ठरवलं होतं. दिवसभरात पुष्कळ मिळालं होतं.

चंद्र दोन छपरांच्या मधून वर आला. पिवळा, एका बाजूने कातरलेला.

"ससा कलंडलाय इथला," बाबा म्हणाले.

"दक्षिण गोलार्ध, बाबा."

"ते कळतं मला. इंजिनियर आहे मी." त्यांनी हात जोडले. बराच वेळ जोडलेले होते. मग म्हणाले, "चल, पान वाढ. उगवला."

मी आत जाऊन ताटं घेतली आणि वाढलं. नैवेद्य दाखवला, बाबांनी ताटाभोवती पाणी फिरवलं. वरणभात, लिंबू, तूप, बटाट्याची भाजी. त्यांनी भात दोनदा घेतला. मग डबा उघडला. लो माय ची हाताला चिकटत होते आणि खोबरं सगळीकडे सांडत होतं. बाबांनी एक तोंडात टाकला, डोळे मिटून चावला. "उकड जमलीय," ते म्हणाले. "सारण मात्र तुझ्या आईचं." म्हणजे आईच्या सारणाला तोड नाही. दुसराही खाल्ला. मी दोन खाल्ले. दोन उरले ते झाकून ओट्यावर ठेवले आणि आम्ही झोपलो.

सकाळी मी चहाला उठले तेव्हा बाबा आधीच ओट्यापाशी बसले होते. कप पुढ्यात, जॅकेट अंगात. मी डबा उघडला. आत एकच गोळा होता, आणि ओट्यावर खोबऱ्याची ओळ पडलेली.

"बाबा, एक कुठे गेला?"

"पहाटे पुण्याचा उगवला ना," ते म्हणाले. "तो तुझ्या आईचा."

"मग खाल्ला कोणी?"

बाबांनी कप खाली ठेवला आणि ओठावरचं खोबरं पुसलं.

"उपास तिने करायचा," ते म्हणाले, "आणि खायचं मी."